गेटवर गाडी तापते म्हणून चार लाखांचं कर्ज काढायचं का?

बेळगावातल्या शहापूरहून एका वाचकांनी लिहिलंय: "२०१४ ची पेट्रोल गाडी आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. हायवेला काही तक्रार नाही. मागच्या महिन्यात चौघं बसून निपाणीला गेलो, येताना तवंदी घाट चढली तरी काटा जागचा हलला नाही. पण टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर थांबलो किंवा गणपत गल्लीच्या गर्दीत अडकलो की काटा वर चढायलाय. दोनदा कूलंट उकळून बाहेर आलं. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, ४५ हजार. एजंट आहे त्या स्थितीत १ लाख १० हजार द्यायला तयार आहे, ठीकठाक असती तर १ लाख ९० आले असते म्हणतो. कोल्हापूरला एमएच-०९ पासिंगची, पाच वर्षं वापरलेली गाडी ५ लाखांत मिळतीय. शिलकीतले १ लाख घालून ४ लाखांचं कर्ज काढावं म्हणतोय, पाच वर्षांसाठी, १२ टक्क्यांनी. जुन्या गाडीचे पैसे मुलीच्या ॲडमिशनला ठेवीन. पगार हातात ४२ हजार, घराचा हप्ता ११ हजार, शिल्लक १ लाख ८० हजार. काय करावं?"

गाडी अजून विकू नका आणि हेडही उतरवू देऊ नका. एजंटचा भाव असो, गॅरेजचं एस्टिमेट असो की कोल्हापूरची गाडी असो, तिन्हींच्या मुळाशी गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील) गेलंय हे एकच गृहीत आहे आणि ते अजून कुणी तपासलेलं नाही. तुमच्या पत्रातली लक्षणं तर दुसरीकडेच बोट दाखवतात.

तवंदी घाटाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच वाटली. चौघं बसलेली गाडी घाट चढते तेव्हा इंजिनवर भरपूर लोड असतो, उष्णताही भरपूर तयार होते. तेव्हा काटा हलला नाही याचा अर्थ पाणी फिरतंय, म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) बहुतेक ठीक आहेत. रेडिएटरही आतून फारसा चोंदलेला नसावा. घाटात आणि गेटवर फरक आहे तो वाऱ्याचा. गाडी पळत असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या इलेक्ट्रिक फॅनचं. त्यामुळे फक्त हळू ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाडीत पहिला संशय फॅनवर आणि त्याला करंट देणाऱ्या फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर, वायरिंगवर घ्यायचा. गॅस्केट गेलेली गाडी सहसा चढावर जास्त त्रास देते. गॅस्केट नक्की शाबूत आहे असं मी इथून म्हणू शकत नाही, कारण कूलंट दोनदा उकळलंय आणि तशा उकळण्यानेच गॅस्केटला धोका होतो. म्हणून तर तपासायचं.

घरी करता येण्यासारखी तपासणी अशी. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा, कूलंटच्या टाकीतली पातळी बघा आणि मगच रेडिएटरचं झाकण काढा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, आतलं उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं. कूलंट गंजकट तांबडं दिसतंय का? पूर्वी कधी बोअरचं पाणी ओतलं होतं का? आपल्याकडे हे सर्रास होतं आणि क्षारांचा थर आतल्या नळ्यांत बसतो. झाकणाचं रबर चिरलंय का तेही बघा. झाकण दाब धरतं म्हणूनच कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. रबर गेलं की दाब टिकत नाही आणि काटा फार वर न जाताही पाणी बाहेर पडतं. ही अगदी कमी किमतीची वस्तू आहे.

मग झाकण लावून इंजिन चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो. एसी बंद करून गाडी दारात तशीच उभी चालू ठेवा आणि काट्यावर लक्ष ठेवा. काटा मधल्या खुणेच्या वर सरकायला लागला तरी फॅन सुरू झाला नाही, तर इंजिन बंद करा. दोष कुठल्या भागात आहे ते तुम्हाला कळलेलं असेल. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही असं झालं तर मोटर चांगली आहे, सेन्सर किंवा त्याची वायर बघावी लागेल. दोन्ही वेळा फिरला नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. तो बॅटरीवरून फॅनला सरळ करंट देऊन बघेल. फिरला तर फ्यूज, रिले किंवा वायरिंग, नाही फिरला तर मोटर.

फॅन जोरात फिरतोय आणि तरी काटा चढतोय, तर बॅटरीचा टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बघा. जांबोटी-चोर्ला मार्गे गोव्याला जाणाऱ्या गाड्यांत तिथे तांबडी माती, किडे, पाचोळा असा लगदा बसलेला असतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आतून वारा जातच नाही. हलक्या दाबाच्या पाण्याने इंजिनच्या बाजूने बाहेर अशी धुवून घ्यायची. जोराचा पाइप मारला तर पातळ पात्या वाकतात.

गॅस्केटचा निकाल ब्लॉक टेस्टने लागतो. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, तिच्यात निळं द्रव असतं. इंजिन चालू ठेवून आतली हवा त्यातून ओढतात. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. तुमच्या समोर करायला सांगा. शिवाय ऑइलची काडी काढून बघा, ऑइल दुधाळ झालंय का. कूलंट कुठेही न गळता कमी होतंय का. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतोय का. यातलं काहीच नसेल आणि रंगही निळाच राहिला, तर ४५ हजारांचं एस्टिमेट बाजूला ठेवा.

आता पैशाचं. भाव मॉडेलप्रमाणे कमीजास्त होतील, पण अंदाज घ्या. फ्यूज-रिलेचं काम काही शेकड्यांत होतं. सेन्सर किंवा थर्मोस्टॅट मजुरीसह एक-दोन हजार, फॅन मोटर तीन ते सहा हजार, नवा रेडिएटर घातला तरी कूलंटसकट बहुधा दहा हजारांच्या आत. कर्जाचा हप्ता महिन्याला साधारण ८,९०० रुपये येतो आणि पाच वर्षांत नुसतं व्याज १ लाख ३४ हजारांच्या घरात जातं. म्हणजे रेडिएटर गेला असला तरी दुरुस्ती एका हप्त्याच्या आसपास भागते. अगदी गॅस्केटच निघालं आणि ४५ हजार पूर्ण लागले, तरी ते पाच हप्ते झाले. पुढचे पंचावन्न हप्ते वाचतात.

विकायचीच असेल तरी हिशोब तोच आहे. तापणारी गाडी आणि ठीक गाडी यात एजंटने स्वतःच ८० हजारांचा फरक सांगितलाय. पाच-सात हजारांच्या दोषासाठी हा फरक त्याच्या खिशात का घालायचा? तो गाडी घेईल, फॅन बदलेल आणि पुढच्या आठवड्यात शोरूमसारखी चकाचक करून उभी करील. त्याचा धंदाच तो आहे, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण तुमचं नुकसान होतंय.

मला खरी काळजी तुमच्या महिन्याच्या खर्चाची वाटते. घराचे ११ हजार आणि गाडीचे ८,९०० मिळून १९,९०० होतात, पगाराच्या ४७ टक्के. हातात २२ हजार उरतील आणि त्याच वर्षी मुलगी कॉलेजला जाईल. शिल्लक ८० हजारांवर आलेली असेल. पहिल्या वर्षाची फी भरणं बहुतेकांना जमतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची फी मात्र पगारातूनच काढावी लागते आणि तिथे हा हप्ता आडवा येईल. मुलीच्या शिक्षणाच्या वर्षांत वाहनकर्ज अंगावर घेऊ नका, असं मी कळकळीने सांगतो.

कोल्हापूरच्या गाडीचा भाव ५ लाख सांगितलाय, तो बेळगावात पडणारा भाव नव्हे. ती इकडे कायम वापरायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) घ्यायची, बारा महिन्यांच्या आत बेळगावचं केए-२२ पासिंग करून घ्यायचं आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे इथे पुन्हा भरायचा. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज वेगळा, आणि खेपा घालाव्या लागतात. त्या गाडीवर आधीचं कर्ज असेल तर त्या बँकेचा ना हरकत दाखलाही हवा. सीमाभागात एमएचच्या गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरतात, "कोण विचारतंय" म्हणून. तपासणीत धरलं की टॅक्स आणि दंड दोन्ही एकदम भरावे लागतात, त्या भरवशावर ५ लाखांचा व्यवहार करू नये.

गॅरेजमध्ये दोन स्वस्त उपाय सुचवले जातील, दोन्हींना नाही म्हणा. एक म्हणजे थर्मोस्टॅट काढूनच टाकणं. इंजिन मग योग्य तापमानाला वेळेत येत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि मूळ दोष झाकला जातो. दुसरा म्हणजे फॅन डायरेक्ट करून देणं, म्हणजे चावी फिरवली की फॅन सुरू. तातडीला घरी पोचण्यापुरतं ठीक, कायमचं केलं तर मोटर लवकर झिजते आणि जोडलेली वायर तापून नवीनच संकट उभं राहतं.

विम्याकडून आशा ठेवू नका. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही. पण पुढेमागे गाडी विकलीत तर नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा) दाखला विमा कंपनीकडून मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावता येतो.

विकण्याचा सल्ला मी एकाच परिस्थितीत देईन. ब्लॉक टेस्टमध्ये रंग बदलला, हेड उतरवल्यावर ते वाकलेलं किंवा ब्लॉकला तडा गेलेला निघाला आणि खर्च ८० हजारांच्या पुढे जायला लागला, तर तिथेच थांबा. हेड वाकलंय की नाही हे लेथवाला पट्टी लावून दाखवतो, उद्यमबागेत अशी कामं रोज होतात. त्याचं मत घेतल्याशिवाय पुढचे सुटे भाग मागवू देऊ नका. तशी वेळ आलीच तर ५ लाखांच्या गाडीऐवजी केए-२२ पासिंगची, दोन-अडीच लाखांची बघा आणि कर्ज लाखाच्या आत ठेवा.

तपासणी होईपर्यंत गर्दीच्या रस्त्याने नेऊ नका. गेटवर काटा चढायला लागलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण जोरात लावा, काचा उघडा. हीटर इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. तरी चढत राहिला तर इंजिन बंद करून टोचन मागवा. टोचनाचे पैसे हेडच्या कामापुढे काहीच नाहीत.

कोल्हापूरला इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर लेखी पावती घ्या आणि पंधरा दिवसांची मुदत मागा. ब्लॉक टेस्टचा निकाल आणि इलेक्ट्रिशियनने काय सांगितलं ते कळवा, त्यावरून पुढचे आकडे पुन्हा मांडून देतो.