दाखल असलेल्या पेशंटची तब्येत बिघडतेय हे नातेवाइकांनी कसं ओळखावं?

आधी श्वास मोजा. पेशंटला न सांगता, पूर्ण 1 मिनिट, छातीकडे बघून. सांगितलं की लय बदलते. मोठ्या माणसाचा शांत पडून असताना मिनिटाला 12 ते 20 असतो. 25 किंवा जास्त भरला तर लगेच नर्सला बोलवा, मॉनिटरवर ऑक्सिजन ठीक दिसला तरी, कारण भराभर श्वास घेऊन शरीर तो आकडा काही काळ सांभाळून धरतं. अचानक असंबद्ध बोलणं, गार घामेजलेले हात, लघवी फार कमी होणं हेही धोक्याचं. असंबद्ध बोलणं तर घरच्यांनाच आधी कळतं. नर्सला पेशंटचं नेहमीचं बोलणं माहीत नसतं. नुसतं ‘बरं वाटत नाहीये’ म्हणू नका. ‘सकाळी 9 ला नीट बोलत होते, आता मुलाला ओळखत नाहीत, श्वास 28’ असं सांगा. तरी कुणी आलं नाही, तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवायला लावा. भीड बाळगू नका.