सकाळी हार्ड डिस्क का सापडत नाही?

प्रश्न : आमच्या गावच्या देवस्थानाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकांचे बारा वर्षांचे चित्रीकरण मी घरच्या डेस्कटॉप संगणकावर साठवले आहे. पावसाळा लागल्यापासून सकाळी संगणक सुरू केला की आठवड्यातून दोन-तीनदा ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर मात्र तो दिवसभर नीट चालतो. दुरुस्तीच्या दुकानात विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला मिळाला. तो मानावा का?
– एक वाचक, शिवोली, बार्देश

उत्तर : तूर्त मुळीच मानू नये. विंडोज नव्याने टाकताना बहुधा डिस्क फॉरमॅट केली जाते, आणि आपली नाटके त्याच डिस्कवर आहेत. उत्सवातला तो प्रयोग पुन्हा तसाच होणार नाही. म्हणून संगणक आता सुरू झाला की बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची प्रत काढावी आणि ती पूर्ण होईपर्यंत तो बंद करू नये.

त्यानंतर पुढच्या वेळी संदेश आला की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालून यंत्राचे भाग तपासणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जाऊन डिस्कचे नाव यादीत आहे का, ते पाहावे. नाव नसेल तर विंडोजचा प्रश्नच उरत नाही, कारण बायोसची तपासणी विंडोज सुरू होण्याआधीच झालेली असते. नाव असूनही संदेश येत असेल, आणि सकाळी तारीख-वेळही चुकलेली दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलावा. तो बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो. तो संपला की बायोसमधील बूटचा क्रम, म्हणजे संगणकाने आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम, मूळ स्थितीवर जाऊ शकतो.

आपल्या वर्णनावरून मला अधिक संशय वीजपुरवठ्याचा आणि केबलचा येतो. साडेतीन इंची डिस्कच्या तबकड्यांना थांबलेल्या अवस्थेतून मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांची गती देताना मोटर १२ व्होल्टच्या तारेतून साधारण २ अँपिअर प्रवाह ओढते, आणि गती आल्यावर ही गरज बरीच उतरते. एसएमपीएसमधील, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातील, वीज साठवणारे कपॅसिटर जुने झाले असतील तर गार यंत्राला हा पहिला भार झेपत नाही. डिस्क तयार होण्याआधीच बायोसची तपासणी उरकते. याची खूण सोपी आहे. संदेश आल्यावर वीज बंद न करता कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबाव्यात. तेवढ्याने डिस्क सापडली तर ती उशिरा फिरू लागली असे धरावे, बायोसमधील ‘फास्ट बूट’ बंद करून पाहावे आणि एसएमपीएस दुसरा लावून पाहावा. जुना एसएमपीएस घरी उघडू नये, कारण वीज काढल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो.

केबलची तपासणी घरी करता येते. वीज पूर्ण काढून साटा केबलची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलची, दोन्ही टोके आणि डिस्कचा वीजजोड सरळ ओढून काढावा, पुन्हा घट्ट बसवावा. शक्यतो नवी केबल घ्यावी, कारण ती स्वस्त असते. नदी आणि समुद्र जवळ असलेल्या आपल्यासारख्या गावांत खाऱ्या, दमट हवेने जोडाच्या पट्ट्यांवर हळूहळू गंज धरतो, आणि पावसाळ्यात तो त्रास वाढतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते ते आकडे, दिसतात. त्यांतील १९९ क्रमांकाची नोंद, जी तिथे सी७ अशी दिसते, केबलमधून माहिती जाताना झालेल्या चुका मोजते. हा आकडा कधी शून्यावर परतत नाही, म्हणून आजचा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि केबल बदलल्यावर आठवड्याने तो वाढला का, एवढेच पाहावे.

डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयास्पद जागा मोजणाऱ्या ०५ किंवा १९७, म्हणजे सी५, या नोंदी मात्र वाढत असतील, अथवा सुरू होताना डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल, तर दोष डिस्कचाच समजावा. अशा डिस्कला पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नये. तिच्यावरून काही उतरवायचे राहिले असेल तर ते आधी उतरवावे आणि डिस्क बदलावी.