गाडीच्या स्क्रीनवर पेनड्राइव्हमधल्या व्हिडिओचा नुसता आवाज येतो, चित्र दिसत नाही. काय करावं?

बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला जाताना मुलांना पिक्चर लावून दिला, तर आवाज येतो पण स्क्रीन काळी, असं तुम्ही लिहिलंय. याला बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं.

गाडी दारात उभी करा, हँडब्रेक ओढा आणि तोच व्हिडिओ लावा. चित्र आलं तर काही बिघडलेलं नाही. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर राहावी म्हणून गाडी सुटली की चित्र बंद होतं. हँडब्रेकची वायर बॉडीला अर्थ करून हे लॉक काढून देणारे ॲक्सेसरीजवाले भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, चोर्ल्याच्या वळणांवर तर नकोच. मुलांसाठी मागच्या सीटसमोर, हेडरेस्टला टॅब अडकवा आणि घाटात रेंज जाते म्हणून पिक्चर घरीच उतरवून ठेवा.

उभ्या गाडीतही काळंच राहिलं, तर दोष फाइलचा. व्हॉट्सॲपवर आलेली एखादी क्लिप पेनड्राइव्हवर टाकून बघा. ती बहुधा चालेल, कारण ती एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी, जवळपास सगळीकडे चालणारी पद्धत) मध्ये असते. बरेच नवे मोबाइल जागा वाचवायला एच.२६५ या नव्या पद्धतीत शूटिंग करतात, आणि गाडीतल्या साध्या चिपला ते उलगडता येत नाही. आवाज वेगळा साठवलेला असतो, म्हणून तो तेवढा ऐकू येतो. उलट चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर आवाज एसी३ किंवा डीटीएस या सिनेमाच्या आवाजाच्या प्रकारांत आहे, जे युनिटला वाजवता येत नाहीत, असं समजा.

दोन्हींवर उपाय एकच. कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या (हो, नाव तेच!). त्यात फास्ट ७२०पी३० हा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडा, फॉरमॅट एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी स्टिरिओ. स्क्रीन ८०० बाय ४८० ची असेल तर ४८०पी पुरे, फाइलही लहान होते. मराठी किंवा कन्नड सबटायटल हवी असतील तर त्याच वेळी ‘बर्न इन’ला टिक करा, म्हणजे अक्षरं चित्रातच छापली जातात. वेगळी एसआरटी (सबटायटलची) फाइल दिली तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसू शकतात. त्याच कारणानं फाइलचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा घ्या आणि फॅट३२ (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत) मध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून. ६४ जीबीचा घेतलात तर विंडोजच्या फॉरमॅट खिडकीत एक्सफॅट आणि एनटीएफएसच दिसतं, आणि ते गाडीतल्या बऱ्याच स्क्रीन-युनिटना वाचता येत नाही. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. वरच्या सेटिंगवर दोन-अडीच तासांचा पिक्चर सहसा त्यात बसतो.

एवढं करूनही यादीत फाइल दिसली नाही, तर यूएसबीचं तोंड बघा. नुसती विजेची खूण असलेलं फक्त चार्जिंगचं असतं. तेही ठीक असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये यूएसबीखाली ‘व्हिडिओ’ लिहिलंय का ते पाहा. काही कंपनी-फिटेड युनिट पेनड्राइव्हवरून फक्त गाणी वाजवतात, तिथे फाइल बदलून उपयोग नाही.