कामाचं विचारा: उशीर, खाडे आणि निरोप

या वेळी हजेरीवरची पत्रं बरीच आली. त्यातली पाच घेतली आहेत.

प्रश्न: घरापासून कामाची जागा चाळीस मिनिटांवर आहे. मी पन्नास मिनिटं आधी निघतो, तरी आठवड्यातून दोनदा उशीर होतोच. नोकरी नवी आहे, साहेबांना वाटतं मला कामाचं गांभीर्य नाही. कुठे चुकतंय?

चाळीस हा आकडा बहुधा चांगल्या दिवसाचा आहे. आपल्याला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, मागचा अनुभव गाठीशी असला तरी. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं.

कामाचे दहा दिवस फक्त दोन वेळा टिपून ठेवा: घराचं दार ओढलं ती आणि कामाच्या जागेवर प्रत्यक्ष उभे राहिलात ती. फाटकावर पोचल्याची वेळ नको. फाटक, हजेरी, लॉकर, कपडे बदलणं, जिना यात आठ-दहा मिनिटं सहज जातात आणि हिशेबात तीच धरलेली नसतात. समजा आकडे असे निघाले: ३८, ३९, ४१, ४२, ४४, ४६, ५२, ५४, ५७, ७०. सरासरी ४८ येते. पन्नास मिनिटं हाताशी ठेवून निघालात तरी यातले चार दिवस उशिराचे, म्हणजे आठवड्याला दोन. तुमच्या पत्रात नेमकं हेच आहे. म्हणून सरासरी सोडा आणि चढत्या क्रमातला नववा आकडा धरा. ५७ अधिक पाच मिनिटं, म्हणजे साधारण तासभर आधी निघायचं. सत्तर मिनिटांच्या दिवसासाठी रोज सत्तर मिनिटं मोडू नका. त्या दिवसासाठी दुसरा रस्ता माहीत असावा आणि फोन करायचा नंबर पाठ असावा.

गाडी ठरावीक वेळेला सुटत असेल तर हिशेब बदलतो. दर वीस मिनिटांनी गाडी असेल तर घरून दहा मिनिटं लवकर निघून बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही, तुम्ही फक्त थांब्यावर जास्त वेळ उभे राहता. अशा वेळी आधीची गाडी हीच आपली गाडी असं ठरवून टाका. ती चुकली तर पुढची असतेच.

प्रश्न: अचानक येता येत नसेल तर मेसेज पुरतो का?

आधी फोन. उचलला नाही तर मेसेज, आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन. जमणार नाही हे कळताक्षणी कळवा, पाळी सुरू व्हायची वाट बघू नका. बदली माणूस शोधायला तास-दोन तास लागतात. ग्रुपवर टाकलेला निरोप सगळे वाचतात आणि कोणीच मनावर घेत नाही. सहकाऱ्याच्या तोंडी पाठवलेला तर वाटेतच राहतो.

मजकूर इतकाच पुरे: “आज सकाळच्या पाळीला येऊ शकत नाही, ताप आहे. कालची अर्धी राहिलेली तपासणी दुसऱ्या टेबलावर निळ्या फाइलमध्ये आहे, शेवटचे सात नग बाकी आहेत. उद्याचं संध्याकाळी सहापर्यंत कळवतो.” आजाराचं वर्णन नको, कारण जितकं लांबत जातं तितकी शंका वाढते. आणि सहाला खरोखर कळवा, बरेच जण नेमके इथेच मार खातात.

येताय पण उशीर होणार असेल तर नुसतं “उशीर होतोय” कोणाच्याच कामाचं नाही. वेळ सांगा, आणि ती अंदाजापेक्षा थोडी पुढचीच सांगा. साडेनऊ सांगून सव्वानऊला पोचलेलं चालतं. “पाच मिनिटांत आलोच” तीनदा पाठवणाऱ्याच्या चौथ्या निरोपाकडे कोणी बघत नाही.

प्रश्न: माझ्या हाताखाली बारा जण आहेत. सर्वांत कुशल कारागीर वर्षात दहा वेळा एकेक दिवस न सांगता गैरहजर राहिला, बहुतेक वेळा साप्ताहिक सुटीला जोडून. दुसरा एक जण आजारपणात सलग दहा दिवस नव्हता. कार्यालयाच्या लेखी दोघांचे दहाच दिवस. हे बरोबर आहे का?

दिवस सारखे असले तरी तुम्हाला होणारा त्रास सारखा नाही. सलग दहा दिवसांसाठी माणूस लावता येतो. सकाळी सहाला कळलेला खाडा भरून काढता येत नाही. हा फरक दाखवायला अनेक कंपन्या ब्रॅडफर्ड फॅक्टर वापरतात: ५२ आठवड्यांत किती वेळा गैरहजेरी झाली त्या आकड्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. पहिल्याचे १० × १० × १० म्हणजे १०००. दुसऱ्याचे १ × १ × १० म्हणजे १०.

पण या आकड्यावरून कोणाला शिक्षा करू नका. दमा किंवा अर्धशिशी असलेल्या प्रामाणिक माणसाचा आकडाही असाच फुगतो. त्याचा उपयोग बोलणं कुठून सुरू करायचं, एवढ्यापुरता.

तो परत येईल त्याच दिवशी, बाकीच्यांपासून बाजूला, दहा मिनिटं बसा. तारखांचा कागद समोर ठेवा आणि विचारा, “या दिवशी काय अडलं?” मग गप्प राहा. दुसरीकडे धरलेलं काम, घरी कोणाची शुश्रूषा, दारू, एखाद्या यंत्राची धास्ती, सहकाऱ्याशी वाजलेलं, यातलं काहीही निघू शकतं, आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा. बोलण्याआधी खाडे कोणत्या पाळीला आणि कोणाच्या देखरेखीखाली पडतात तेही ताडून बघा. दोष कधी कधी तिथे सापडतो. शेवटी पुढच्या खाड्याला काय होईल ते स्पष्ट सांगून लिहून ठेवा, आणि तसंच करा. त्याचं काम रोज येणाऱ्यांच्या अंगावर पडतं आणि ते सगळं बघत असतात.

पूर्ण हजेरीचं बक्षीस लावायचा मोह होईल. आमच्या मते टाळावं. तापाने फणफणलेला माणूस बक्षिसापायी येतो आणि आणखी तिघांना आजारी पाडतो. शिवाय महिन्याच्या तीन तारखेला एक दिवस बुडाला की उरलेला महिना बक्षीस गेलेलंच असतं. त्यापेक्षा त्या कारागिराचं काम शिकलेला दुसरा हात तयार करा.

प्रश्न: पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी संपून सकाळपाळी लागली की जागच येत नाही. तीन गजर लावूनही!

पाळ्यांचा क्रम बघा. सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोपा जातो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. उलटा क्रम असेल तर बदलून मागा. दोन पाळ्यांमध्ये निदान अकरा तास हवेत. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळांच्या नियमातही हाच आकडा आहे.

शेवटची रात्रपाळी संपल्यावर दिवसभर झोपू नका. सकाळी दीड-दोन तास झोपून उठा, उजेडात फिरा आणि रात्री लवकर आडवे व्हा. कॅफीनचा अर्धा अंश साधारण पाच तासांनीही अंगात असतो, तेव्हा झोपण्याच्या सहा तास आधीपासून चहा-कॉफी बंद. तीन गजरांऐवजी एकच लावा, पण पलंगापासून लांब. जाग आल्यावरची झापड पंधरा ते तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त टिकते. तेवढा वेळ उठण्याच्या वेळेत धरा आणि त्या अवस्थेत गाडी चालवू नका.

प्रश्न: मी वेळेवर येते, रोज येते. पण कबूल केलेल्या तारखेला काम होत नाही आणि बोलणी खावी लागतात.

तारीख देण्याआधी असंच मागचं काम प्रत्यक्षात किती दिवस चाललं ते वहीत बघा, आठवणीवर जाऊ नका. मुदतीचा अर्धा काळ सरला की किती झालंय ते मोजा. अर्ध्याहून कमी असेल तर त्याच दिवशी सांगा आणि सोबत पर्यायही द्या: एवढं वेळेत देते, उरलेलं अमुक दिवशी, किंवा मदतीला एक जण द्या. शेवटच्या दिवशी सांगितलंत तर ऐकणाऱ्याच्या हातात करण्यासारखं काहीच उरत नाही. आणि “बघते” म्हणणं बंद करा. समोरचा ते “हो” असंच ऐकतो.