खाज सुटली म्हणजे यीस्टच, असं धरून चालू नका

तुम्ही लिहिलंय की या वर्षात तिसऱ्यांदा खाज सुटलीय, अंगावरून पांढरं जातंय, आणि पहिल्या वेळी डॉक्टरांनी दिलेली गोळीच तुम्ही दर वेळी आणून घेताय. दोन-चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मलाही हा त्रास बरीच वर्षं होता, म्हणून कळकळीनं सांगते, तीच गोळी आता परत घेऊ नका. आधी तपासून घ्या.

यीस्ट इन्फेक्शन म्हणजे योनीत बुरशी वाढून होणारा संसर्ग. त्याचं मुख्य लक्षण खाज, आणि ती खरंच जीव नकोसा करणारी असते. बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, कधी बारीक चिरा पडतात आणि त्यावरून लघवी गेली की चरचरतं. संबंधाच्या वेळी दुखतं. स्राव घट्ट, फुटलेल्या दुधासारखा असतो, पण कधीकधी तो पातळ असतो किंवा जवळजवळ नसतोच. वास सहसा येत नाही. माशासारखा वास येत असेल, स्राव करडा आणि पातळ असेल, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसची, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याची शक्यता जास्त. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास या परजीवी जंतूचा विचार करावा लागतो, तो संबंधांतून पसरतो आणि त्यात जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. या दोन्हींवर बुरशीची गोळी काहीच करत नाही. साबण, सुगंधी पॅड किंवा एखाद्या त्वचारोगानंही अशीच खाज येते. म्हणून नुसत्या लक्षणांवरून ओळखताना अनुभवी बायकांचीही गफलत होते.

यीस्ट इन्फेक्शन कुणाच्या अस्वच्छतेमुळे होत नाही. कॅन्डिडा ही बुरशी अनेक निरोगी स्त्रियांच्या योनीत काही त्रास न देता असते. अँटिबायोटिक घेतल्यावर तिथले चांगले जिवाणू कमी होतात आणि तिला वाढायला वाव मिळतो. गरोदरपण, स्टेरॉइड आणि वाढलेली साखर ही आणखी कारणं. तुम्हाला वारंवार होतंय म्हणून रक्तातली साखर नक्की तपासा. मधुमेह आधीच असेल तर तुमच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगा, कारण डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि त्यामुळे हा त्रास वाढतो.

साध्या, कधीतरी होणाऱ्या इन्फेक्शनला फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा योनीत ठेवायचं क्लोट्रिमॅझोल सहसा पुरतं. मात्र दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर फ्लुकोनॅझोल स्वतःहून घेऊच नका. गरोदरपणात साधारण सात दिवस योनीत ठेवायचं औषध देतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांबरोबरही फ्लुकोनॅझोलची गोळी धोक्याची ठरू शकते. आणि योनीत लावायच्या क्रीमनं कंडोम कमकुवत होऊ शकतो, हे फार कमी जणींना कुणी सांगतं.

वर्षात तीन-चार वेळा झालं की डॉक्टर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन धरतात आणि उपचारच बदलतात. स्वॅब घेऊन, म्हणजे योनीतल्या स्रावाचा नमुना घेऊन, कल्चर (त्यातली बुरशी वाढवून ओळखण्याची तपासणी) करा असं तुम्ही स्वतः म्हणा, कारण कॅन्डिडा ग्लाब्राटासारख्या प्रकारांवर नेहमीची गोळी नीट चालत नाही. माझ्या कल्चरमध्ये नेहमी आढळणारा प्रकार, कॅन्डिडा अल्बिकन्सच निघाला. आधी तीन दिवसांच्या अंतरानं फ्लुकोनॅझोलच्या तीन गोळ्या आणि मग सहा महिने आठवड्याला एक, असा कोर्स डॉक्टरांनी दिला. मध्ये बरं वाटलं तरी तो सोडायचा नसतो. स्वॅब होईपर्यंत नवं औषध सुरू करू नका, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

दही किंवा लसूण आत ठेवू नका, आत धुऊ नका. बाहेरून साधं पाणी पुरे. खाज लगेच थांबते म्हणून स्टेरॉइड मिसळलेली क्रीम तर मुळीच लावत राहू नका, त्वचा पातळ होते आणि मूळ आजार झाकला जातो. सुती, सैल कपडे आणि ओले कपडे लगेच बदलणं यानं आराम पडतो, इन्फेक्शन त्यानं जात नाही. जोडीदाराला लक्षणं नसतील तर यीस्टसाठी त्याला सहसा औषध लागत नाही.

ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा पाळीव्यतिरिक्त रक्त जात असेल तर मात्र स्वॅबच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा.