जोडणीचा कागद कोडाजवळच ठेव

बाबू, हिंगणघाटच्या कापूस जिनिंगच्या सॉफ्टवेअरचं काम तुझ्याकडं आलं, बरं झालं. वजनकाटा, हिशेबाचं सॉफ्टवेअर, बँकेची एपीआय (प्रोग्रामनं बँकेशी बोलायची सोय), एसएमएस, अशा चार जोडण्या आहेत तिथं, म्हणजे आपल्या प्रोग्रामशी माहितीची देवघेव करणाऱ्या चार यंत्रणा. प्रत्येकीची एक मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल रिपॉझिटरीतच, म्हणजे कोड असतो त्या साठ्यातच ठेव. वर्डच्या फायली मेलमध्ये फिरतात अन् आठ दिवसांत शिळ्या होतात. कोड बदलला की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून घ्यायच्या विनंतीत) फाइलही बदलायची, नाही तर मर्ज नाही, तो बदल मुख्य कोडात घ्यायचाच नाही.

फाइलीत काय? कोण पाठवतं, कोण घेतं, बंद पडलं तर फोन कोणाला, जोडणीचं सुरक्षा सर्टिफिकेट कधी संपतं. पण खरी मेख एककांत आहे. काटा किलोत बोलतो, शेतकऱ्याचा भाव क्विंटलवर, रुईची गाठ १७० किलोची, अन् व्यापारी बोलतो खंडी या जुन्या मापात. एका हंगामात मी हे लिहून ठेवलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या शंभरपट चुकल्या, आठ दिवस काट्यावर बसून हातानं दुरुस्त केल्या. वेळेचंही तसंच. सर्व्हर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आपण ५ तास ३० मिनिटं पुढं. पहाटे आलेल्या गाड्या आदल्या तारखेत जाऊन बसतात.

आपल्याकडं लाइन जाते, हे तर तुला सांगायला नको. लाइन आल्यावर काट्यानं तीच पावती दोनदा पाठवली तर? पावतीला एकच कायमचा क्रमांक दे. तो आधी आला असेल तर दुसरी नोंद होऊ देऊ नको. एपीआयची गुप्त किल्ली (की) मात्र फाइलीत कधीच नको. गिट म्हणजे कोडातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली, तिच्या इतिहासातून ती सहजी निघत नाही. चुकून गेलीच तर पुसत बसू नको, ती किल्लीच बदल.

सुरुवात काट्यापासून कर. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की तुला जेवायलाही फुरसत मिळायची नाही.