जास्त पळल्यानं हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात का?

तुम्ही लिहिलंय की वय 45 आहे, सात वर्षं आठवड्याला 60-70 किलोमीटर पळताय, आणि लांब पळणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठतं असं ऐकून आता थांबावं की काय असा विचार करताय. थांबू नका. पण तुम्हाला सांगणारा माणूस खोटंही बोललेला नाही. मी डॉक्टर नाही. बेळगावात राहतो, वय 53, सोळा वर्षं पळतोय आणि माझ्याच रक्तवाहिन्यांत कॅल्शियम सापडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पहाटे दोन तऱ्हेची माणसं पळतात. एक भरतीची पोरं, 1600 मीटर साडेपाच मिनिटांत बसवायला धडपडणारी. दुसरे आम्ही चाळिशी-पन्नाशीतले, रविवारी राकसकोपच्या रस्त्याला लागणारे. दोघांचाही समज एकच, दम लागत नाही म्हणजे हार्ट ठणठणीत. "मामा, तुम्ही यळ्ळूरचा गड न थांबता चढताय, तुम्हाला काय हुतंय!" असं भाचा म्हणायचा आणि मलाही ते पटायचं.

शेतकरी माणसाला यातली चूक लगेच कळेल. विहिरीवरची मोटर नवी बसवली म्हणून जुन्या पाइपातला क्षार निघत नाही. पळण्यानं मोटर खरंच सुधारते. हृदयाचे कप्पे मोठे होतात, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, म्हणून बसल्या जागी नाडी मंदावते. माझी 46 असते. साधा माणूस निवांत असताना हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं, कसलेला धावपटू जोरात पळताना 25 लिटरच्या पुढे जातो. मोठ्या धमन्यांनाही फायदा होतो. लंडन मॅरेथॉनसाठी पहिल्यांदाच तयारी करणाऱ्यांच्या धमन्या सहा महिन्यांत जणू चार वर्षांनी तरुण झाल्याचं 2020 मध्ये दिसलं.

आता कॅल्शियमचं. 2017 मध्ये आलेल्या अभ्यासांत वर्षानुवर्षं खूप पळणाऱ्या, सायकल मारणाऱ्या पुरुषांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आतून साचणारे चरबी-कॅल्शियमचे थर इतरांपेक्षा जास्त आढळले. स्त्रियांत तो फरक दिसला नाही. दिलासा असा होता, की हे थर बहुतेक कठीण, कॅल्शियमनं घट्ट झालेले होते आणि असे थर फुटण्याची शक्यता कमी. पण 2023 मध्ये बेल्जियममधल्या मोठ्या अभ्यासात आयुष्यभर सराव करणाऱ्यांत मऊ थरही जास्त निघाले. म्हणजे तो दिलासा पूर्ण खात्रीचा राहिला नाही. दुसऱ्या बाजूला, 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात भरपूर व्यायाम करणारे, कॅल्शियमचा स्कोअर (स्कॅनमध्ये मिळणारा आकडा) 100 च्या वर असूनही, तेवढाच स्कोअर असलेल्या कमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त मेले नाहीत. माझं मत याच पुराव्यावर बेतलेलं आहे. पळणं हे कॅल्शियमचं औषध नाही, आणि त्यासाठी पळणं सोडण्यालाही आधार नाही.

मला जास्त काळजी वाटते ती ठोक्यांच्या लयीची. स्वीडनमधल्या 90 किलोमीटरच्या बर्फावरच्या स्कीइंग शर्यतीतल्या सुमारे 52 हजार जणांत, पाच किंवा जास्त वेळा ती पूर्ण करणाऱ्यांना लय बिघडण्याचा धोका एकदाच भाग घेतलेल्यांपेक्षा 30 टक्के जास्त होता. नाडी मधेच फडफडली, चुकली, तर घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका, ईसीजी काढा. मॅरेथॉननंतर रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूवर ताण आला की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलेलं दिसतं, उजवा कप्पा काही काळ ताणलेला असतो, पण निरोगी माणसात हे काही दिवसांत उतरतं. त्यासाठी घाबरू नका.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. 52 देशांतल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्यांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण सहा वर्षं आधी, 53 च्या आसपास येतो असं दिसलं. अमेरिकेत पळण्याचं वेड लावणारा जिम फिक्स 1984 मध्ये पळतानाच गेला, वय 52. त्याच्या रक्तवाहिन्या आधीच बंद होत आल्या होत्या. त्याच्या वडिलांना पहिला झटका 35 व्या वर्षी आला होता.

माझे वडील 54 व्या वर्षी गेले, म्हणून मी स्कॅन केला. कॅल्शियमचा स्कोअर 142. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केली आणि एक गोष्ट समजावली: या गोळीनं थर घट्ट होतात, त्यामुळे आकडा वाढूही शकतो, दरवर्षी स्कॅन काढून जीव टांगणीला लावू नका. आता मी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बघतो, रक्तदाब घरी मोजतो. पळणं सुरूच आहे, फक्त जोराचे दिवस आठवड्यातून दोनच ठेवलेत. ताप आला की तो उतरल्यावरही काही दिवस बूट घालत नाही. पावसाळ्यात आमच्या गटातल्या पोरांना हे सारखं सांगावं लागतं, तापात पळण्यानं हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

चढावर छातीत आवळल्यासारखं होणं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीच्या वेगाला अचानक दम लागणं, पळताना भोवळ येणं, यातलं काही झालं असेल तर पळणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नसेल तर एकदा ईसीजी आणि कोलेस्टेरॉल करा. वडील, काका, मामा यांना पन्नाशीच्या आत-बाहेर काही झालं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरात विचारून कळवा, कॅल्शियम स्कॅन करायचा की नाही हे त्यावर बरंच अवलंबून आहे.